फ्लुओरेसिन: डोळ्याच्या पट्टीपासून काळ्या मातीपर्यंत

कापूस वेचणीच्या आणि मका कापणीच्या दिवसांत जळगाव, धुळे किंवा नंदुरबारच्या डोळ्यांच्या दवाखान्यात थोडा वेळ बसलात, तर 'डोयामा काडी गई' म्हणत आलेलं कुणी ना कुणी भेटतंच. पऱ्हाटीची काडी, दादर ज्वारीचं पातं, मक्याचं धारदार पान, वाऱ्याने उडालेलं कुसळ, काहीही असतं. डोळा लाल झालेला, पाणी थांबत नाही, उजेड सहन होत नाही. डॉक्टर कागदाची एक बारीक पट्टी काढतात, तिचं टोक नारिंगी असतं. त्यावर सलाइनचा थेंब टाकून ते टोक खालच्या पापणीच्या आत टेकवतात, दोनचारदा पापण्या मिटायला सांगतात आणि निळा दिवा लावतात. बुबुळावर जेवढं खरचटलंय, तेवढीच जागा हिरवीगार उजळते. बाकी सगळं जसंच्या तसं.

पट्टीवरचा तो नारिंगी रंग म्हणजे फ्लुओरेसिन. रंग म्हणून बघायला गेलं तर त्याच्यात खोडी पुष्कळ. उन्हात उडतो, आंबटात विझतो, दाट झाला की चमकेनासा होतो. कापड रंगवायला तो फारसा उपयोगी पडला नाही. पण गेल्या दीडशे वर्षांत प्रयोगशाळांनी त्याच्या याच खोडी एकेक करून कामाला लावल्या. मला त्याच्याबद्दल लिहावंसं वाटतं ते त्यासाठीच.

हा रंग १८७१ साली अडॉल्फ फॉन बायर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने बनवला. पुढे १९०५ साली रंगांवरच्या आणि इतर सेंद्रिय रसायनांवरच्या कामासाठी त्यांना नोबेल मिळालं. कृती साधी आहे. रिसॉर्सिनॉल आणि थॅलिक अॅनहायड्राइड एकत्र तापवायचे, सोबत सल्फ्युरिक आम्ल किंवा झिंक क्लोराइड. बारावीला किंवा बीएस्सीला ज्यांनी रसायनशास्त्राचं प्रॅक्टिकल केलंय, त्यांनी फिनॉल गट ओळखायच्या थॅलीन चाचणीत, नमुना रिसॉर्सिनॉलचा आला असेल तर, हे नकळत बनवलेलं असतं. टेस्ट ट्यूबमधला तो लालसर तपकिरी गोळा बघून काही विशेष वाटत नाही. पण त्यातला कणभर सौम्य कॉस्टिक सोड्याच्या बीकरमध्ये पडला की पाण्यातून हिरवट पिवळा धूर उतरावा तशी रेघ खाली जाते. आरपार बघितलं तर द्रावण पिवळं दिसतं, बाजूने उजेड पडला की हिरवं. एकाच बीकरला दोन रंग का, हा प्रश्न विद्यार्थ्याने तिथेच विचारायला हवा आणि शिक्षकाने तो टाळू नये.

उत्तर असं. या रंगाचा रेणू निळा प्रकाश शोषतो, साधारण ४९० नॅनोमीटर तरंगलांबीचा. पांढऱ्या उजेडातून निळा गेला की उरलेला पिवळा दिसतो, म्हणून आरपार पिवळा. शोषलेल्या ऊर्जेने रेणूतला इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवर जातो. तिथे तो फार टिकत नाही, सेकंदाच्या एक अब्जाव्या भागाच्या चौपट एवढाच वेळ. तेवढ्यात थोडी ऊर्जा आजूबाजूच्या पाण्याला कंपनांच्या रूपाने जाते आणि उरलेली प्रकाश म्हणून बाहेर पडते. काही ऊर्जा कमी झालेली असल्यामुळे बाहेर येणारा प्रकाश निळ्याऐवजी हिरवा असतो, ५१४ नॅनोमीटरच्या आसपास. यालाच अनुस्फुरण म्हणतात. प्रयोगशाळेत सगळे फ्लुओरेसन्सच म्हणतात, मीही पुढे तेच म्हणेन. आत जाणारा आणि बाहेर येणारा प्रकाश वेगवेगळ्या रंगाचा असणं फार सोयीचं आहे. निळा प्रकाश टाकायचा, निळं अडवणारी काच डोळ्यासमोर धरायची, मग काळ्या अंधारात फक्त रंग उजळलेला दिसतो. जॉर्ज स्टोक्स यांनी १८५२ साली हा फरक नीट मांडला, म्हणून त्या दोन आकड्यांमधल्या अंतराला स्टोक्स शिफ्ट म्हणतात.

प्रकाश शोषणारे रंग तर हजारो आहेत, मग सगळे का चमकत नाहीत? इथे बायर यांच्याच दुसऱ्या रंगाशी तुलना करायला हवी. रिसॉर्सिनॉलऐवजी साधं फिनॉल वापरलं तर तयार होतं फिनॉल्फ्थॅलीन, टायट्रेशनमध्ये गुलाबी होणारं, सगळ्यांच्या ओळखीचं. दोघांची घडण जवळपास सारखी. फरक एका ऑक्सिजन अणूचा. फ्लुओरेसिनमध्ये हा ऑक्सिजन अणूंच्या दोन कड्यांमध्ये पूल होऊन बसतो आणि त्यांना एका सपाटीत घट्ट धरतो. फिनॉल्फ्थॅलीनमध्ये तो पूल नाही, कडी मोकळी हलतात. खिळखिळ्या बैलगाडीत बैलांचा अर्धा जोर सांध्यांच्या कुरकुरीत जातो, तशी या हलणाऱ्या रेणूची सगळी ऊर्जा उष्णता होऊन जाते आणि उजेडाला काही उरत नाही. फ्लुओरेसिन मात्र अल्कलीत असताना शोषलेल्या दर शंभर प्रकाशकणांमागे नव्वदहून जास्त परत देतो. इतका कमी तोटा असलेले रंग थोडेच.

आता पहिली खोड: आंबटात विझणं. वरचा हिशेब फ्लुओरेसिनच्या एकाच रूपाला लागू होतो, ज्यावर दोन ऋण प्रभार असतात त्या रूपाला. पाणी आम्लाकडे झुकलं की त्याला हायड्रोजन चिकटतो, निळं शोषणं कमी होतं आणि चमक उतरते. हा बदल साधारण ६.४ पीएचच्या आसपास होतो. हिरव्या चमकत्या द्रावणात लिंबाचे थेंब टाकले की उजेड मालवतो, वर चिमूटभर खायचा सोडा टाकला की परत येतो. विद्यार्थ्यांना एकदा दाखवून बघा, पीएच म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागत नाही.

पेशींचा अभ्यास करणाऱ्यांना हीच खोड उपयोगी पडली. जिवंत पेशीच्या आत काचेचा इलेक्ट्रोड घालून पीएच मोजणं अवघड असतं. १९८२ साली रॉजर त्सिएन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फ्लुओरेसिनपासून बीसीईसीएफ नावाचा रंग बनवून वापरला. तो विझायचा बिंदू ७ च्या जवळ आणलेला होता, म्हणजे पेशीच्या आतल्या पीएचच्या बरोबर पट्ट्यात. रंग किती चमकतो यावरून आतलं आंबटपण कळतं. पण रंगच कमी भरला गेला असेल तर? तीही सोय आहे. ४४० नॅनोमीटरच्या प्रकाशात या रंगाची चमक पीएचने फारशी बदलत नाही, ४९० ला बदलते. दोन्ही मोजून भागाकार केला की रंगाचं प्रमाण गणितातून निघून जातं. याच त्सिएन यांना पुढे २००८ साली हिरवं चमकणाऱ्या प्रथिनावरच्या कामासाठी नोबेल मिळालं.

डोळ्याकडे वळू. तिथे रंग फक्त जखमेवरच का उजळतो? बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला, म्हणजे कॉर्नियाला, वरून पेशींचा पातळ थर असतो. त्या पेशी एकमेकींना घट्ट शिवलेल्या असतात आणि त्यांचं आवरण स्निग्ध असतं. फ्लुओरेसिन पाण्यात विरघळणारा आणि प्रभार असलेला, तो या थरातून आत जाऊ शकत नाही. थर फाटला की रंग खालच्या पाणीदार भागात शिरतो. अश्रूंचं पीएच ७.४ च्या जवळपास, म्हणजे चमकायला योग्यच. जखमेचा आकारही बोलतो. सरळ ओरखडा असेल तर काही घासलं गेलंय, फांदीसारखी नक्षी असेल तर नागिणीच्या नात्यातल्या हर्पिस विषाणूचा संशय. पापणीच्या आत कण अडकला असेल तर प्रत्येक उघडझापीला तो घासून उभ्या रेघा उठतात, अशा वेळी पापणी उलटवून बघावी लागते.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगतो. शेतातल्या काडीपानाने झालेल्या जखमेत बुरशी शिरायचा धोका असतो. मेडिकलवरून 'डोळे लाल झालेत' म्हणून आणलेल्या थेंबांत स्टेरॉइड असलं तर लाली उतरते, बरं वाटतं आणि आत बुरशी पसरत जाते. हिरवा डाग कुठे आहे हे बघितल्याशिवाय स्टेरॉइडचा थेंब डोळ्यात जाऊ नये. ही तपासणी मिनिटभराची आहे आणि पट्टी स्वस्त आहे. आणि डोळ्यात मऊ लेन्स असतील तर त्या आधी काढा, नाहीतर रंग त्यांच्यात मुरतो.

पट्टीच का, बाटली का नाही? पूर्वी बाटल्याच होत्या. पण फ्लुओरेसिनच्या पाण्यात स्यूडोमोनास हा जीवाणू मजेत वाढतो. कॉर्नियाच्या जखमेत तो गेला तर डोळा जाऊ शकतो. उघडी बाटली दहा रुग्णांना वापरणं म्हणजे दहा डोळे पणाला लावणं. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला कोरड्या, निर्जंतुक पट्ट्या आल्या आणि तो धोका टळला.

दुसरी खोड: दाट झाला की न चमकणं. कोरडी पट्टी निळ्या दिव्याखाली धरली तर नारिंगीच दिसते, हिरवी उजळत नाही. रेणू फार जवळ आले की ऊर्जा एकमेकांत देत घेत बसतात आणि ती उष्णतेत संपते. अश्रूंनी पातळ झाल्यावरच हिरवं दिसायला लागतं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी याचा फार नेमका उपयोग केलाय. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर किंवा काटा घुसल्यावर डोळ्याच्या आतलं पाणी बाहेर झिरपतंय का, हे बघायचं असतं. मग पट्टी मुद्दाम कमी ओली करून, रंग दाट ठेवून जखमेवर फिरवतात. झिरपत नसेल तर सगळं गडद नारिंगी राहतं. झिरपत असेल तर आतून येणारं पाणी रंगाला पातळ करतं आणि गडद रंगातून एक हिरवा झरा खाली वाहताना दिसतो. याला सायडल चाचणी म्हणतात. इतकी साधी आणि इतकी स्पष्ट चाचणी वैद्यकात क्वचितच सापडेल.

तीच युक्ती प्रयोगशाळेत वेगळ्या रूपात आहे. औषध पोचवण्यासाठी चरबीच्या सूक्ष्म पिशव्या बनवतात, त्यांना लायपोसोम म्हणतात. पिशवी फुटते कधी आणि गळते किती, हे कळायचं कसं? आत कार्बॉक्सिफ्लुओरेसिन हा भाऊबंद इतका दाट भरायचा की तो विझलेलाच राहील. पिशवी गळली की रंग बाहेर पातळ होतो आणि उजळतो. उजेड वाढला म्हणजे गळती झाली. १९७० च्या दशकापासून ही पद्धत चालत आली आहे.

तिसरी खोड म्हणजे उडणं. तीव्र प्रकाशात फ्लुओरेसिनचे रेणू कायमचे बिघडतात. मायक्रोस्कोपखाली सुंदर दिसणारी स्लाइड फोटो काढेपर्यंत फिकी पडते, याचा त्रास ज्यांनी हे काम केलंय त्यांना चांगला माहीत आहे. म्हणून द्रावण अंबर बाटलीत किंवा अॅल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळून ठेवतात, स्लाइड अंधारात ठेवतात. पण १९७६ साली अॅक्सेलरॉड आणि सहकाऱ्यांनी हेच उलटं वापरायची रीत गणितासह मांडली. पेशीच्या आवरणावर हा रंग लावायचा, लेसरचा झोत टाकून एक ठिपका मुद्दाम विझवायचा आणि वाट बघायची. आजूबाजूचे न विझलेले रेणू सरकत त्या ठिपक्यात आले तर तो पुन्हा उजळतो. किती वेळात उजळला यावरून आवरणातली प्रथिनं आणि चरबी किती वेगाने हलतात ते मोजता येतं. पेशीचं आवरण गोठलेली भिंत नसून वाहती गोष्ट आहे, हे मोजून दाखवणाऱ्या पद्धतींत ही महत्त्वाची.

खानदेशातल्या कृषी आणि जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी विशेष लक्ष द्यावं असा प्रकार म्हणजे फ्लुओरेसिन डायअॅसिटेट. यात फ्लुओरेसिनच्या दोन टोकांना अॅसिटेटचे गट चिकटवून त्याची चमक बंद केलेली असते. प्रभारही जातो, त्यामुळे हा रेणू पेशीच्या स्निग्ध आवरणातून सहज आत शिरतो. आत एस्टरेज नावाची विकरं असतात. ती अॅसिटेट कापतात, मूळ फ्लुओरेसिन मोकळं होतं, चमकायला लागतं आणि आता प्रभार असल्यामुळे त्याला लवकर बाहेर पडता येत नाही. पेशी जिवंत असेल तर हिरवी, मेलेली असेल तर काळी. १९६६ साली रॉटमन आणि पेपरमास्टर यांनी हे मांडलं. केळीच्या टिश्यू कल्चरमध्ये पेशी द्रवात वाढवतात तेव्हा त्यातल्या जिवंत किती हे याच रंगाने तपासतात. परागकणांसाठीही हीच चाचणी आहे.

मातीसाठी तर ती फार कामाची. कपाशीच्या काळ्या जमिनीचा नमुना फॉस्फेटच्या द्रावणात घ्या, पीएच ७.६ ठेवा, अॅसिटोनमध्ये विरघळवलेलं डायअॅसिटेट टाका, ठरलेला वेळ हलवा. मग अॅसिटोनने क्रिया थांबवा, गाळा आणि ४९० नॅनोमीटरला शोषण मोजा. मातीत जीवाणू आणि बुरशी जितकी जागती, तितका पाण्याचा पिवळा हिरवा रंग गडद. शेणखत घातलेला वाफा आणि वर्षानुवर्षं फक्त रासायनिक खत घातलेला वाफा शेजारी शेजारी तपासायला ही पद्धत कुठल्याही तालुक्याच्या कॉलेजात परवडेल, कारण त्याला फक्त स्पेक्ट्रोफोटोमीटर, म्हणजे द्रावण किती प्रकाश शोषतं ते मोजणारं यंत्र, लागतं. दोन गोष्टी मात्र विसरू नका. डायअॅसिटेट नुसत्या पाण्यातही हळूहळू तुटतं, म्हणून माती न घातलेली एक बाटली सोबत चालवायची आणि तिचं वाचन वजा करायचं. आणि हा आकडा सगळ्यांच्या एकत्रित हालचालीचा असतो. कोणता जीवाणू आहे, उपकारक की रोगकारक, हे त्यातून कळत नाही.

कोणता आहे हे कळायला रंगाला वाटाड्या लागतो. शरीरातल्या प्रतिपिंडांना, म्हणजे अँटिबॉडींना, आपलं सावज अचूक ओळखता येतं. अल्बर्ट कून्स या अमेरिकन डॉक्टरांनी १९४१ साली अँटिबॉडीला चमकणारा रंग जोडून दाखवला. पहिला रंग निळा चमकणारा होता. पण ऊतीही स्वतःहून निळसर चमकतात, त्यात खूण हरवायची. म्हणून १९४२ साली ते हिरव्या फ्लुओरेसिनकडे वळले. १९५८ पासून वापरात आलेला एफआयटीसी हा त्याचा सोपा प्रकार प्रथिनातल्या अमिनो गटांना थेट चिकटतो. पिसाळल्याचा संशय असलेल्या, मेलेल्या कुत्र्याच्या मेंदूचा नमुना तपासतात तो याच पद्धतीने. रेबीजविरोधी अँटिबॉडीला एफआयटीसी जोडलेला असतो, विषाणू असेल तर काळ्या पार्श्वभूमीवर सफरचंदी हिरवे ठिपके दिसतात. चावा घेतलेल्या माणसाने मात्र या अहवालाची वाट बघत बसायचं नाही. जखम साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि लस लगेच सुरू करायची. संधिवातासारख्या आजारांत शरीर स्वतःच्याच पेशींविरुद्ध अँटिबॉडी बनवतंय का हे बघतात, ती एएनए चाचणीही याच कुळातली. पेशी एकामागून एक लेसरसमोरून नेणाऱ्या फ्लो सायटोमीटर यंत्रात ४८८ नॅनोमीटरचा लेसर इतका रूढ झाला, त्यालाही फ्लुओरेसिनशी त्याचं जुळणं कारणीभूत आहे. आता कमी उडणारे नवे रंग आले आहेत, पण यंत्रातल्या हिरवा उजेड मोजणाऱ्या खिडकीला अजूनही बरेच जण एफआयटीसी चॅनेलच म्हणतात.

या घराण्यातली आणखी दोन माणसं आपल्या रोजच्या ओळखीची. फ्लुओरेसिनला चार ब्रोमीन जोडले की होतो इओसिन, १८७४ सालचा. जड ब्रोमीनमुळे चमक बरीच कमी होते, पण गुलाबी रंग पक्का बसतो. तालुक्याच्या लॅबमध्ये रक्ताची स्लाइड रंगवतात त्या लिशमन स्टेनमध्ये तो असतो, आणि रिपोर्टमधल्या इओसिनोफिल पेशींचं नाव त्यावरूनच पडलंय. दुसरं म्हणजे मर्क्युरोक्रोम, गुडघा फुटला की लावायचं ते लाल औषध. फ्लुओरेसिनला ब्रोमीन आणि पारा जोडलेला असतो. पाऱ्यामुळे आता त्याची शिफारस होत नाही.

मधुमेहाच्या रुग्णांना फ्लुओरेसिन शिरेतूनही देतात. हातात साधारण ५०० मिलिग्रॅम टोचला की दहा ते पंधरा सेकंदांत डोळ्याच्या मागच्या पडद्यावर पोचतो. निरोगी रक्तवाहिन्या त्याला आत धरून ठेवतात, मधुमेहाने खराब झालेल्या गळतात, आणि गळतीची जागा फोटोत पांढरी पसरते. त्यानंतर काही तास कातडी पिवळसर दिसते, दिवस दीड दिवस लघवी गडद पिवळी होते. ही कावीळ नव्हे, घाबरू नका. मळमळ होते कुणाकुणाला. क्वचित तीव्र अॅलर्जी होते, म्हणून आधी कधी औषधाची रिअॅक्शन आली असेल तर सांगायलाच हवं.

शेवटी पाण्याचं. १८७७ च्या ऑक्टोबरात जर्मनीत अडॉल्फ क्नॉप यांनी डॅन्यूब नदीचं पाणी जिथे जमिनीत गडप होतं तिथे दहा किलो फ्लुओरेसिन ओतलं. सुमारे साठ तासांनी बारा किलोमीटरवरचा आखचा झरा हिरवा झाला. त्या झऱ्याचं पाणी ऱ्हाइनला जातं. म्हणजे एका नदीचं पाणी जमिनीखालून दुसरीला मिळतं, हे रंगाने सिद्ध केलं. रावेर, यावल, चोपड्याकडे सातपुड्याच्या पायथ्याला दगडगोट्यांचा पट्टा आहे. पावसाळ्यात नाल्याचं पाणी तिथे झपाट्याने मुरतं. मुरलेलं पाणी कुठल्या विहिरीत येतं हे या रंगाने शोधता येण्यासारखं आहे. रंगावर ऋण प्रभार असतो आणि चिकणमातीवरही, त्यामुळे तो मातीला फारसा चिकटत नाही. यंत्राला एक अब्ज भाग पाण्यात एक भाग रंगही कळतो.

पण अटी आहेत. उघड्या ओढ्यात ऊन त्याला काही तासांत खातं, म्हणून नदीनाल्यांच्या पृष्ठभागासाठी ऱ्होडामिन हा लाल रंग बरा. विहिरीत नुकतीच टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकली असेल तर क्लोरीन रंग मारून टाकतं आणि 'पाणी येत नाही' असा चुकीचा निष्कर्ष निघतो. शेवाळाच्या हिरव्या पाण्यालाही स्वतःची थोडी चमक असते, म्हणून रंग टाकायच्या आधीचे नमुने घेऊन ठेवायचे. गावाच्या पिण्याच्या विहिरीचा संबंध असेल तर ग्रामपंचायतीला आणि भूजल सर्वेक्षण यंत्रणेला आधी सांगायचं. दर तासाला विहिरीवर जाणं जमत नसेल तर सक्रिय कोळशाची जाळीदार पुडी पाण्यात टांगून ठेवायची, ती जाणारा रंग धरत राहते. काही दिवसांनी पुडी काढून अंधारात न्यायची, अल्कोहोल आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात भिजवायची आणि यंत्रात ५१४ च्या आसपास टोक उठतंय का ते बघायचं.